वाचकांचे प्रश्न : वंशसंहारानंतरचे रवांडा

रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाल्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकांनी त्या शंभर दिवसांपेक्षा त्यानंतरच्या तीस वर्षांविषयी विचारले आहे, आणि खरा अवघड भाग तोच आहे. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीच्या आकाशात पाडले गेले. दुसऱ्या दिवसापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेक्यांच्या सरकारने, त्याच्या सैन्याने, इंटरहाम्वे नावाच्या टोळ्यांनी आणि त्यांच्या चिथावणीला साथ देणाऱ्या असंख्य सामान्य नागरिकांनी देशातील अल्पसंख्य तुत्सी समाजाची पद्धतशीर कत्तल केली. मृतांची संख्या आठ लाखांहून अधिक असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाई. रवांडाचे सरकार ती दहा लाखांच्या पुढे धरते. कत्तलीला विरोध करणारे हुतू आणि त्वा समाजातील लोकही त्यांत होते. निवडक पत्रांची उत्तरे पुढे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

“दर एप्रिलमध्ये तिथल्या स्मृतिसभांत माणसे कोसळतात, असे लेखात वाचले. तीस वर्षांनंतरही दुःख इतके ताजे कसे राहते? काळ हेच औषध, असे आपण मानत आलो आहोत.” — एक निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली

बाई, काळाबरोबर दुःख ओसरण्यासाठी त्या काळात काही गोष्टी घडाव्या लागतात. गेलेल्या माणसाचे अंत्यविधी व्हावे लागतात, चार नातेवाईक जवळ बसावे लागतात, घर पुन्हा उभे राहावे लागते आणि आता आपल्याला धोका नाही याची खात्री पटावी लागते. रवांडात वाचलेल्या असंख्य माणसांच्या वाट्याला यांपैकी एकही गोष्ट आली नाही. कित्येकांचे सगळे कुटुंबच गेले असल्यामुळे ज्यांच्यासोबत शोक करायचा अशी माणसेच उरली नव्हती. प्रेते नदीत, विहिरींत, शौचालयांच्या खड्ड्यांत टाकली गेली होती. आपला भाऊ नेमका कुठे पडला हे ज्याला माहीत होते, तो बहुधा मारणाराच होता, आणि तो बोलत नव्हता.

ती कत्तल कशी झाली हेही लक्षात घ्यावे लागते. परका शत्रू बाहेरून चालून आला नव्हता. नाक्यानाक्यावर अडवून ओळखपत्र पाहिले जाई, आणि ज्याच्या हातात कोयता असे तो पुष्कळदा शेजारी, सहकारी, कधी शाळेतला शिक्षक, कधी सोयराच असे. पूर्वीच्या हिंसाचारांत चर्चमध्ये आश्रय घेतलेले लोक वाचले होते, म्हणून या वेळीही लोक चर्चकडे धावले, आणि चर्च हीच सर्वांत मोठ्या कत्तलींची ठिकाणे ठरली. न्यांगे येथील चर्च आत दीड हजारांहून अधिक माणसे असताना बुलडोझरने पाडण्यात आले. तिथल्या पाद्र्याला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले आणि अपिलात २००८ मध्ये त्याची शिक्षा वाढवून जन्मठेप केली. प्रार्थनास्थळ, शाळा, शेजार, अशी जी जी ठिकाणे माणसाला आधार देतात, तीच ज्याच्या मनात भयाची झाली, त्याने उसंत घ्यावी ती कुठे? एप्रिल हा तिथे मोठ्या पावसाचा महिना असतो. बुगेसेराच्या दलदलीत पपायरसच्या गवतात गळ्यापर्यंत चिखलात बसून आठवडेच्या आठवडे काढलेल्या माणसाला पावसाचा आवाज, शिट्टी, गवत कापल्याचा सपकारा हे सगळे पुन्हा त्याच दिवसांत घेऊन जाते. स्मृतिसभेत कोणी साक्ष सांगू लागले की श्रोत्यांतील एखादी व्यक्ती किंचाळते, पळू लागते, बाकाखाली लपते, “ते आले” म्हणून ओरडते. कारण तिच्या दृष्टीने ते खरोखरच आलेले असतात. रवांडात या अवस्थेला ‘इहाहामुका’ म्हणतात. सभांच्या ठिकाणी अशा लोकांना हाताला धरून बाजूला नेणारे प्रशिक्षित स्वयंसेवक आधीपासूनच उभे केलेले असतात.

हे केवळ सभांपुरते नाही. २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, तर वंशसंहारातून वाचलेल्यांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. आघातोत्तर ताणविकार सर्वसाधारण लोकांत ३.६ टक्के आणि वाचलेल्यांत जवळपास २८ टक्के; तीव्र नैराश्य वाचलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांना. चोवीस वर्षांनंतरचे हे आकडे आहेत. त्याआधी, १९९५ मध्ये, युनिसेफने तीन हजारांहून अधिक मुलांशी बोलून पाहणी केली होती. त्यांतील बहुसंख्य मुलांनी कुटुंबातील मृत्यू अनुभवला होता, आणि दहांपैकी नऊ मुलांना त्या दिवसांत आपणही मरणार असे वाटले होते. ती मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि स्वतः आईवडील झाली आहेत.

आपल्या पत्रात उल्लेख नाही, पण एका गटाविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांची सर्व मुले मारली गेली अशा वृद्ध स्त्रिया व पुरुष रवांडात आहेत. वय झाले तशी त्यांची एकाकी अवस्था अधिकच उघडी पडली. अशांसाठी ‘इम्पिंगांझिमा’ नावाची निवासगृहे हुये, बुगेसेरा अशा ठिकाणी उभारण्यात आली. देशाने केलेल्या अनेक कामांपैकी मला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण तिथे कोणी त्यांना मन घट्ट करायला सांगत नाही. जेवण, औषधपाणी आणि सोबत मिळते.

“मी प्रसूतिगृहात परिचारिका आहे. बलात्कार झालेल्या स्त्रियांचे आणि त्यांतून जन्मलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे जाणून घ्यायचे आहे.” — नाशिक

संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी १९९६ मध्ये मांडलेला अंदाज अडीच लाख ते पाच लाख बलात्कारांचा होता. हा अंदाजच आहे, मोजणी नाही. पण बलात्कार हे तुरळक प्रकार नव्हते, तर संहाराचे एक साधन होते, हे न्यायालयात सिद्ध झालेले आहे.

ते कसे सिद्ध झाले याची हकिकत आपण ऐकावी असे मला वाटते. टांझानियातील आरुशा येथे रवांडासाठीचे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसले होते आणि ताबा या विभागाचा महापौर जाँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला चालू होता. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. १९९७ मध्ये एका साक्षीदार स्त्रीने इतर गोष्टी सांगता सांगता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख केला. त्या पीठावर नवनीतम पिल्लै या दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या न्यायाधीश होत्या. पीठाने त्या धाग्यावर पुढे प्रश्न विचारले, आणखी स्त्रिया बोलू लागल्या आणि आरोपपत्र सुधारले गेले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने अकायेसू दोषी ठरला. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला तो पहिला दोषनिर्णय, आणि बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य असू शकते हे मान्य करणाराही पहिलाच. विचारणारे कोणी नसते, तर त्या स्त्रियांचे म्हणणे नोंदलेच गेले नसते.

न्यायालयात जिंकलेल्या या स्त्रियांपैकी पुष्कळजणी घरी मात्र मरत होत्या. अवेगा-अगाहोझो या विधवांच्या संघटनेने (स्थापना १९९५) एक हजाराहून अधिक स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश एचआयव्ही-बाधित आढळल्या. त्या काळात एचआयव्हीची औषधे गरीब देशांत जवळपास मिळतच नसत. आरुशातील कोठडीतल्या आरोपींना ती आंतरराष्ट्रीय खर्चाने मिळत होती, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या स्त्रियांना मिळत नव्हती. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर ही स्थिती बदलली, तोवर अनेक जणी गेल्या. या गोष्टीचा संताप मला आजही आवरत नाही. आरोपीला औषध मिळणे चूक नव्हते. साक्षीदाराला न मिळणे हा अक्षम्य अन्याय होता.

त्या अत्याचारांतून जन्मलेली मुले हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांची अडचण दुहेरी झाली. आईच्या उरलेल्या नातेवाइकांना त्यांच्यात मारेकऱ्याची संतती दिसे, आणि सरकारी व्याख्येत ती वाचलेल्यांत बसत नव्हती, कारण त्यांचा जन्म संहारानंतर झाला होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या साहाय्य निधीतून वाचलेल्या मुलांची शाळेची फी भरली जाई. या मुलांसाठी ती मिळत नसे. पुढे काही स्वयंसेवी संस्थांनी शिक्षणाचा खर्च उचलला आणि मातांचे छोटे गट बांधले. आपण प्रसूतिगृहात काम करता, म्हणून हेही लिहितो: अनेक मातांनी सांगितले आहे की पहिली काही वर्षे त्यांना त्या मुलाला जवळ घेता येत नव्हते आणि त्याचा अपराधी भाव त्यांना मुलाइतकाच छळत होता. ज्या गटांत हे वाक्य मोठ्याने उच्चारता आले, तिथे नाते हळूहळू बांधले गेले. मुलाला वडिलांविषयी कधी आणि काय सांगायचे हा प्रश्न मात्र प्रत्येकीला एकटीनेच सोडवावा लागला.

विधवांच्या प्रश्नाला कायद्याची एक बाजू होती. पूर्वीच्या रूढीनुसार मुलींना बापाची आणि बायकांना नवऱ्याची जमीन वारसाने मिळत नसे. पुरुष मारले गेल्यावर जमीन कसणाऱ्या स्त्रियांच्या नावावर काहीच नव्हते. १९९९ च्या वारसा कायद्याने मुलींना समान हक्क दिला. २००८ च्या निवडणुकीनंतर रवांडाच्या संसदेत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली, हे आपण वाचले असेल. त्याचे कौतुक जरूर करावे, पण खेड्यातल्या विधवेच्या दृष्टीने सातबाऱ्यासारख्या साध्या कागदावर नाव लागणे त्याहून मोठे होते.

“गचाचा न्यायालयांना आपल्याकडे फार मोठे यश समजले जाते. मारेकऱ्याला माफ करून शेजारी राहणे खरोखर शक्य झाले का? आणि वकिलाविना चाललेल्या खटल्याला न्याय म्हणावे का?” — एक वकील, छत्रपती संभाजीनगर

आपले दोन्ही प्रश्न रोखठोक आहेत, उत्तरे तशी देता येणार नाहीत.

पर्याय काय होता ते आधी पाहू. संहारानंतर देशात न्यायाधीश, वकील, कार्यालये काहीच धड उरले नव्हते आणि तुरुंगांत एक लाखाहून अधिक माणसे कोंबलेली होती. नेहमीच्या न्यायालयांच्या गतीने सगळे खटले संपायला शतकाहून अधिक काळ लागला असता. आरुशाच्या न्यायाधिकरणाने प्रमुख सूत्रधार हाताळले. त्यात माजी पंतप्रधान ज्याँ कांबांडा होता आणि द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम रेडिओशी संबंधित माणसेही होती. २०१५ अखेर ते बंद झाले तेव्हा ९३ जणांवर आरोप ठेवून ६२ जणांना दोषी ठरवण्यात आले होते. गावोगावच्या मारेकऱ्यांसाठी हे पुरेसे नव्हते. म्हणून ‘गचाचा’ ही भांडणे मिटवण्याची गावबैठकीची जुनी पद्धत नव्या कायद्याने न्यायालयाच्या रूपात आणली गेली. २००२ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली, २००५ पासून ती देशभर पसरली आणि जून २०१२ मध्ये अधिकृतपणे संपली. सुमारे बारा हजार न्यायालयांत एकोणीस लाखांहून अधिक खटले चालले. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश लुटीचे आणि मालमत्तेच्या नासाडीचे होते. गावाने निवडलेले पंच झाडाखाली किंवा पटांगणात आठवड्यातून एकदा बसत. कबुली दिली आणि प्रेते कुठे पुरली ते सांगितले, तर शिक्षा कमी होई आणि उरलेल्या शिक्षेचा मोठा भाग रस्ते, शेतांचे बांध, वाचलेल्यांची घरे बांधण्याच्या श्रमांत भोगता येई.

या व्यवस्थेने एक गोष्ट दिली, ती दुसरी कोणतीही व्यवस्था देऊ शकली नसती: माहिती. लाखो कुटुंबांना आपली माणसे कुठे, कोणी, कशी मारली ते कळले, आणि अनेकांना अस्थी मिळाल्या. आरोपीला वकील नव्हता, पंचांना जेमतेम काही दिवसांचे प्रशिक्षण होते, लाच आणि सूडाच्या खोट्या तक्रारी झाल्या, जुन्या वैरांचे हिशेब चुकते झाले, हेही तितकेच खरे आहे. हुतू अतिरेक्यांचा पराभव करून सत्तेवर आलेल्या, तुत्सींचे प्राबल्य असलेल्या रवांडन देशभक्त आघाडीच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या, त्यामुळे ज्या हुतू कुटुंबांची माणसे त्यांत गेली त्यांना आपले दुःख कुठेच मांडता आले नाही. आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे तर, फौजदारी न्यायाच्या कसोटीवर ही न्यायालये कमी पडली, आणि तरीही ती नसती तर देश अधिक वाईट स्थितीत असता, असे माझे मत आहे.

वाचलेल्यांना याची किंमत मोजावी लागली. सगळ्या गावासमोर, मारेकऱ्याच्या नातेवाइकांच्या गर्दीत उभे राहून साक्ष द्यायची आणि संध्याकाळी त्याच वाटेने एकटीने घरी जायचे. काही साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींच्या हत्या झाल्या. २००८ नंतर बलात्काराचे खटलेही याच न्यायालयांकडे वळवण्यात आले. ते बंद दाराआड चालत, पण बंद दाराआड बसलेले पंच गावातलेच असत. ज्यांनी इतकी वर्षे मौन पाळून नवे घर उभारले होते त्यांच्यासाठी ही परीक्षा अघोरी होती. लुटीची भरपाई द्यावी असे हजारो निकाल लागले, त्यांतील पुष्कळांची अंमलबजावणी झाली नाही, कारण देणाऱ्याकडे काही नव्हते. सरकारने निधीतून घरे, फी, उपचार यांसाठी मदत केली, परंतु नुकसानभरपाईचा हक्क असा कायद्याने कधी दिला नाही. वाचलेल्यांच्या संघटनांची छत्रसंघटना ‘इबुका’ अनेक वर्षे ही मागणी करत राहिली.

आता माफीविषयी. कबुली देणाऱ्याने माफी मागणे हा गचाचाच्या कार्यपद्धतीचाच भाग होता. माफी द्यावीच असे वाचलेल्यांवर कायद्याने बंधन नव्हते, पण चर्च, सरकारी अधिकारी, परदेशी पत्रकार सगळेच तिची वाट पाहत उभे असत. बुगेसेरात वाचलेले आणि सुटून आलेले गुन्हेगार शेजारी शेजारी राहतात अशी सलोख्याची गावे आहेत. त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्यांतली माफी खोटी आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. कित्येकांनी ती मनापासून दिली आणि त्यांना हलके वाटले, असे ते स्वतः सांगतात. परंतु ज्या स्त्रीने “मी त्याच्याशी भांडणार नाही, त्याच्या गाईला पाणी नाकारणार नाही, पण माफ करणार नाही” अशी भूमिका घेतली, ती सलोख्यात कमी पडली असे मानणे मला मुळीच पटत नाही. देशाला शांतता हवी असते आणि ती मागण्याचा देशाला हक्क आहे. माफी ही त्या स्त्रीची स्वतःची गोष्ट आहे, ती सार्वजनिक गरज म्हणून तिच्याकडून वसूल करता येत नाही.

शेजार पुन्हा शक्य कशाने झाला हे पाहायचे असेल, तर ‘म्वुरा न्कुवुरे’ या उपक्रमाकडे पाहावे. २००५ मध्ये ब्युंबा येथे सुरू झालेल्या या कामात वाचलेले, तुरुंगातून सुटलेले, कैद्यांच्या बायका, परतलेले निर्वासित असे दहा-पंधरा जण आठवड्यातून एकदा, सुमारे पंधरा आठवडे एकत्र बसतात. पहिले कित्येक आठवडे फक्त एकमेकांसमोर सुरक्षित वाटणे एवढेच काम असते. आठवणींपर्यंत गट सर्वांत शेवटी पोहोचतो. गचाचाचा क्रम नेमका उलटा होता. तिथे आठवण आधी सांगावी लागे आणि सुरक्षितता नंतर मिळाली तर मिळे.

“हुतू आणि तुत्सी हा भेद आता तिथे उरला आहे का?” — पणजी

कागदावर नाही. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर वांशिक नोंद सुरू केली, ती स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९९४ मध्ये तिच्याच आधारे नाक्यांवर माणसे वेगळी काढली गेली. संहारानंतर ती नोंद रद्द झाली. आता सर्व जण रवांडन, हेच अधिकृत धोरण आहे आणि फूट पाडणारे किंवा वंशसंहाराचे समर्थन करणारे बोलणे गुन्हा आहे. हे कायदे इतके सैल शब्दांत लिहिलेले आहेत की विरोधकांना गप्प करण्यासाठी ते वापरले जातात, अशी मानवी हक्क संघटनांची तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. घरांच्या आत मात्र कोण कोण आहे हे सर्वांना माहीत असते. एप्रिल महिना ते दरवर्षी सांगतोच.

“आघात जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो, असे वाचले. हे खरे आहे का?” — मानसशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

आपण बहुधा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयी वाचले असावे. संहाराच्या काळात गरोदर असलेल्या २५ तुत्सी स्त्रिया व त्यांची मुले आणि त्याच काळात गरोदर असलेल्या, पण देशाबाहेर असल्यामुळे त्या अनुभवातून न गेलेल्या २५ स्त्रिया व त्यांची मुले यांची त्यात तुलना होती. पहिल्या गटातील आई आणि मूल दोघांतही ताणविकार व नैराश्य अधिक होते, आणि शरीराच्या ताणप्रतिसादाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या आढळल्या. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जनुक बदललेले नाही, त्याचे काम कमी-जास्त करणारी खूण बदलली आहे. आणि गट फार लहान आहेत. शिवाय ती मुले पोटात असतानाचा ताण, जन्मानंतरची गरिबी आणि आजारी आईच्या हाताखाली वाढणे या सगळ्यांतून एकाच वेळी गेली होती. त्यांतले काय कशामुळे, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

पुढच्या पिढीकडे आघात पोहोचण्याचे अधिक सरळ मार्ग घरातच असतात. आई एप्रिलमध्ये बोलत नाही, दाराला दोन कड्या लावते, मूल शाळेतून उशिरा आले की थरथरते, आजी-आजोबा, काका-मावशी यांच्याविषयी विचारले की विषय बदलते. मूल प्रश्न विचारणे थांबवते आणि उत्तर स्वतःच रचते. दुसऱ्या बाजूला कैद्यांची मुले होती. वडील तुरुंगात का आहेत हे त्यांना घरी कोणी सांगत नसे आणि शाळेत सर्वांना माहीत असे. आईबरोबर तुरुंगाच्या दाराशी जेवण पोहोचवण्यात त्यांचे बालपण गेले. त्यांचे दुःख वाचलेल्यांच्या दुःखाच्या तोडीचे आहे असे मी म्हणत नाही, पण ते गुन्हेगार नव्हते आणि लाज त्यांच्या वाट्याला फुकट आली. आता लांब शिक्षा भोगून ते वडील घरी परतत आहेत, आणि ज्या घरात ते परततात तिथे त्यांना ओळखणारे कोणी नसते.

आपण विद्यार्थिनी आहात म्हणून आणखी एक उदाहरण नोंदवतो. १९९६ मध्ये बुतारे येथील राष्ट्रीय विद्यापीठात बारा अनाथ विद्यार्थ्यांनी एईआरजी ही संघटना काढली. संघटनेत विद्यार्थ्यांची ‘कुटुंबे’ केली जातात. त्यांतील एक जण वडील, एक जण आई, बाकीची भावंडे. वीस-बावीस वर्षांचे हे आईवडील धाकट्यांच्या फीची, आजारपणाची, अभ्यासाची काळजी घेतात आणि लग्न ठरले तर वधूपक्षाकडून किंवा वरपक्षाकडून उभे राहतात. कोणत्याही तज्ज्ञाने हे सुचवले नव्हते. मुलांना स्वतःला काय हवे ते कळले होते.

“कवट्या आणि कपडे लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवणे मृतांचा अपमान नाही का?” — ठाणे

हा प्रश्न रवांडातही विचारला गेला आहे. न्यामाताच्या चर्चमध्ये व आवारात सुमारे दहा हजार लोक मारले गेले; तिथल्या बाकांवर त्यांचे मळलेले कपडे रचून ठेवलेले आहेत. मुरांबीच्या अर्धवट बांधलेल्या शाळेत चुन्यात जतन केलेले मृतदेह अनेक वर्षे खोल्यांतील फळ्यांवर ठेवलेले होते. आपल्या माणसाचे प्रेत तिथे आहे की नाही हे माहीत नसलेल्या कुटुंबाला त्याचे दफन व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे. उलट बाजूने, संहार झालाच नाही किंवा दोन्ही बाजूंनी सारखेच मारले असे म्हणणारे लोक आजही आहेत, आणि इबुकासारख्या संघटनांना त्यांच्यासमोर पुरावा ठेवायचा असतो. माझा कल कुटुंबांकडे आहे: ज्यांची माणसे आहेत त्यांना विचारून निर्णय व्हावा. न्यामाता, मुरांबी, बिसेसेरो आणि किगालीतील गिसोझी ही चार स्मारके २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. गिसोझीला अडीच लाखांहून अधिक लोकांचे दफन झाले आहे.

दफनाचे काम संपलेले मात्र नाही. २०१८ मध्ये किगालीच्या परिसरात वस्तीतील घरांखाली हजारो प्रेते असलेले खड्डे सापडले. त्या घरांत लोक राहत होते आणि आजूबाजूच्या काहींना खाली काय आहे ते ठाऊक होते. वाचलेल्या माणसाने चोवीस वर्षे ज्यांना रोज नमस्कार केला त्यांनीच आपल्या आईचा ठावठिकाणा लपवून ठेवला होता, हे कळल्यावर सलोख्याची किती वर्षे मागे पडत असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

“याचा शेजारच्या देशांवर काय परिणाम झाला?” — कोल्हापूर

फार मोठा, आणि तो थांबलेला नाही. जुलै १९९४ मध्ये मारेकरी आणि त्यांच्याबरोबर लाखो सामान्य हुतू तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आताच्या काँगोमध्ये, पळाले. तिथल्या सीमेवरील गोमा शहराजवळच्या छावण्यांत पटकीने हजारो मेले. छावण्यांवर जुन्या सैन्याचा ताबा राहिला. त्यांतून १९९६ चे आणि १९९८ चे काँगो युद्ध पेटले आणि उपासमार व रोगराईने तिथे अगणित माणसे गेली. रवांडाच्या पाठिंब्याचा आरोप असलेल्या काँगोतील एम-२३ या गटाच्या बंडखोरांनी जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर घेतले. काँगोतील बळींची बाजू स्वतंत्र लेखाची मागणी करते. संपादकांना तशी विनंती केली आहे.

“माझा मुलगा नोकरीनिमित्त किगालीला आहे. येत्या एप्रिलमध्ये तो प्रथमच तिथे असेल. त्याने काय पथ्य पाळावे?” — एक आई, डोंबिवली

ताई, ७ एप्रिलला सुट्टी असते आणि त्या दिवसापासून आठवडाभर राष्ट्रीय शोक पाळला जातो. १३ एप्रिलला रेबेरो येथे, मारल्या गेलेल्या राजकीय नेत्यांच्या स्मारकावर, त्या आठवड्याची सांगता होते. स्मरणाचा काळ मात्र जुलैच्या आरंभापर्यंत चालतो. शोकाच्या आठवड्यात मोठ्याने गाणी लावणे, मेजवानी, वाढदिवसाचा समारंभ हे टाळायला सांगा. आपल्या मराठी किंवा भारतीय मंडळींचा पाडव्याचा, रामनवमीचा वा आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम त्या दिवसांत येत असेल, तर तो घरगुती ठेवावा किंवा पुढे ढकलावा. कोणालाही “तू हुतू की तुत्सी” असे विचारू नये, आडवळणानेही नाही. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाकडून होणारी ही सर्वांत दुखावणारी चूक आहे. एखादा सहकारी त्या दिवसांत कामावर आला नाही, किंवा आला आणि गप्प राहिला, तर कारण विचारू नये आणि त्याचे काम बिनबोभाट वाटून घ्यावे. वस्तीतल्या स्मरणसभेला बोलावले तर जावे, मागे बसावे, फोन खिशात ठेवावा. कोणी आपणहून आपली हकिकत सांगू लागले तर ऐकावी. मध्येच फाळणीची किंवा दुसऱ्या कुठल्या दुःखाची तुलना काढू नये, सल्ला देऊ नये, आणि पुढच्या वेळी भेटल्यावर तो विषय आपण होऊन काढू नये. शेजारी कोणाला झटका आला तर त्याला घट्ट धरून ठेवू नये. सभेत स्वयंसेवक असतात, त्यांना हाक मारावी, आणि ते येईपर्यंत त्या व्यक्तीभोवती गर्दी होऊ देऊ नये.